बदललेलं घर म्हणजे यशस्वी घर का? बेलापूरच्या वसाहतीची उलटतपासणी



मागच्या काही लेखांत आपण संशोधनाचा प्रश्न कसा निवडायचा आणि पेपर कसा वाचायचा हे बघितलं. आज जरा वेगळं करू. एका प्रसिद्ध वास्तुप्रकल्पाची समीक्षा करू, आणि ती करता करता ‘पुरावा’ कशाला म्हणायचं तेही बघू. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट-सेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस अर्धा लिहून झालाय. तुमचा विषय वास्तुकला नसला तरी शेवटपर्यंत वाचा. कारण मी जी चूक केली ती रसायनशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत कुठेही करता येते.

मी मूळची भौतिकशास्त्राची. चार्ल्स कोरिया हे नाव मला वास्तुकलेच्या पुस्तकातून नाही, पुण्याच्या आयुकामुळे माहीत झालं. तिथल्या कुंडाच्या चार कोपऱ्यांत न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट उभे आहेत. एमएस्सीच्या वर्षात तिथे व्याख्यानाला गेले की मी मधल्या सुट्टीत त्या पायऱ्यांवर बसायचे. आत खोलीत होते तेव्हा मी विद्यार्थिनी होते, आणि बाहेर आकाशाखाली आल्यावर एकदम मोकळं का वाटतं, हा प्रश्न तिथेच डोक्यात शिरला. पुढे ‘इमारतींमधली उष्णता’ हा विषय पीएचडीला घेतला त्याची सुरुवात बहुधा तिथेच आहे.

त्यामुळे सिनॉप्सिससाठी उदाहरण शोधायची वेळ आली तेव्हा मी डोळे झाकून कोरियांची बेलापूरची वसाहत निवडली. डोळे झाकून, हे शब्द लक्षात ठेवा.

वसाहत काय आहे?

आधी माहिती घेऊ. १९६० च्या दशकाच्या मध्यावर चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मुंबईची वाढ खाडीपलीकडे वळवावी अशी मांडणी केली. त्यातून पुढे नवी मुंबई उभी राहिली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि सुरुवातीची काही वर्षं कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. त्यानंतर काही वर्षांनी, साधारण १९८३ ते १९८६ या काळात, सिडकोसाठी त्यांनी बेलापूरला एक बैठी वसाहत केली. आज लोक तिला ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात.

साधारण साडेपाच हेक्टर जागा आणि साधारण ५५० घरं. घनता दर हेक्टरी ५०० माणसं असं सांगितलं जातं. कुठलाही आकडा वाचला की आधी स्वतः गुणून बघायची सवय लावा. एका घरात ५ माणसं धरली तर २७५० माणसं होतात, त्याला साडेपाचने भागलं की बरोबर ५०० येतात. म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात. आणि ही घनता एकही टॉवर न बांधता, लिफ्टशिवाय गाठलेली आहे. ही गोष्ट लहान नाही.

रचना अशी: सात घरं एका चौकाभोवती, चौक ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून २१ घरं, त्यांच्यामध्ये १२ बाय १२ चा मोठा चौक. असे तीन मोठे गट एकत्र आले की मध्ये साधारण २० बाय २० ची मोकळी जागा. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर. म्हणजे सर्वात मोठा भूखंड सर्वात लहानाच्या दुप्पटही नाही, मग घरमालकांच्या उत्पन्नात कितीही फरक असो. दोन घरांची भिंत सामाईक नाही, त्यामुळे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येतं. बांधणी इतकी साधी की नाक्यावरचा गवंडी ती करू शकेल. उतरती छपरं, प्रत्येकाला स्वतःचं छोटं अंगण.

कल्पना तीन: घर हळूहळू वाढावं, जमिनीत फार भेदभाव नसावा, आणि प्रत्येकाला आकाश मिळावं. त्या काळातल्या बांधकाम धोरणाकडे बघितलं तर ही धाडसी मांडणी होती.

माझा सिनॉप्सिस आणि एक प्रश्न

मी लिहिलं काय, तर असं: ‘मूळ घरांपैकी बहुतांश घरांमध्ये रहिवाशांनी बदल केलेले आहेत. यावरून वाढत्या घराची संकल्पना यशस्वी झाली असे दिसते.’ वाक्य छान आहे ना? असं वाक्य तुम्हाला अनेक लेखांत थोड्याफार फरकाने सापडेल. मला ते इतकं पाठ झालं होतं की ते माझं नाही हेही विसरले होते.

समितीतल्या एका मॅडमनी चष्मा वर केला आणि विचारलं, “समजा लोकांनी घरं जशीच्या तशी ठेवली असती, तर तू काय लिहिलं असतंस?”

मी म्हटलं, “लोक समाधानी आहेत असं लिहिलं असतं.”

“आणि आता बदलली आहेत तर?”

“तरी यशस्वी.”

“मग ते अयशस्वी कधी होणार, बाळा?”

खोलीत सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते. सिनॉप्सिस परत आला. तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत मी जे शिकले ते आजचा हा लेख.

कार्ल पॉपर यांनी १९३४ मध्ये मांडलेला मुद्दा आपण नेट-सेटच्या पहिल्या पेपरसाठी घोकतो: जे विधान कुठल्याच निरीक्षणाने खोटं ठरू शकत नाही ते विज्ञानाचं विधान नाही. घोकतो आणि विसरतो. माझं विधान नेमकं तसलं होतं. घर बदललं तरी यश, न बदललं तरी यश. असं विधान ऐकायला कौतुकाचं वाटतं, पण त्यातून वसाहतीबद्दल काहीच कळत नाही.

एकच निरीक्षण, दोन उलटे निकाल

आता गंमत बघा. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ पेसाक इथे ल कॉर्ब्युझिए यांनी १९२० च्या दशकात कामगारांसाठी एक वसाहत बांधली. सपाट गच्च्या, आडव्या लांबलचक खिडक्या, रंगीत सपाट भिंती. राहायला आलेल्या लोकांनी काय केलं? खिडक्या लहान केल्या, गच्च्यांवर उतरती छपरं चढवली, मोकळे भाग भिंती घालून बंद केले. बराच काळ याचा अर्थ लावला गेला तो असा, की लोकांनी आधुनिक वास्तुकला नाकारली, प्रयोग फसला.

मग फिलिप बुदोँ नावाच्या संशोधकाने तिथे जाऊन रहिवाशांशी बोलून, कोणी काय आणि का बदललं याची नोंद केली. १९६९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यानंतर लोक म्हणू लागले, अरे, हे अपयश नाही, या घरांत बदल सोसण्याची ताकद होती! आता तर ती वसाहत २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि त्यातली काही घरं पुन्हा मूळ रूपात आणली आहेत.

म्हणजे ‘रहिवाशांनी घर बदललं’ या एकाच निरीक्षणावरून पेसाकला आधी नापास केलं, मग पास केलं, आणि बेलापूरला थेट विशेष प्राविण्य दिलं. निरीक्षण तेच, निकाल मात्र आपण त्या वास्तुविशारदाबद्दल आधीपासून काय मानतो त्यावर ठरला. समीक्षेत हा रोग फार जुना आहे. संशोधनात तो आला की त्याला पूर्वग्रह म्हणतात.

अजून एक गोष्ट. बेलापूरचं कौतुक कुठून आलं याचा माग काढा. वाढतं घर, समान भूखंड, आकाशाखालची जागा या कल्पना कोरियांनी ‘द न्यू लँडस्केप’ या १९८५ च्या पुस्तकात मांडल्या. वसाहत जेमतेम उभी राहत होती तेव्हाचं हे पुस्तक. म्हणजे ते हेतू सांगतं. लोक तिथे राहिल्यावर काय झालं हे ते सांगू शकतच नाही. पण पुढच्या लेखकांनी हेतूची वाक्यं उचलली, काळ वर्तमानातून भूतकाळात बदलला, आणि ‘असं व्हावं’ चं ‘असं झालं’ झालं. तुमच्या विषयातही हे तपासा. ज्या विधानाला वीस संदर्भ आहेत ते वीस संदर्भ शेवटी एकाच माणसाच्या एकाच परिच्छेदाकडे जातात का? जात असतील तर तुमच्याकडे वीस पुरावे नाहीत, एकच आहे. आणि तोही हेतूचा.

मग मी पुन्हा गेले

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी एका रविवारी मी पुन्हा गेले. या वेळी छायाचित्रांऐवजी वही घेऊन. मूळ उतरत्या छपराची घरं शोधावी लागतात. बरीच घरं दोन-तीन मजली झाली आहेत. स्लॅब, बाहेरून जिना, ग्रिल, गच्चीवर पत्र्याची शेड. एका ओट्यावर एक काकू धान्य निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, “काकू, हे घर मूळचंच आहे का, वाढवलेलं?”

त्या म्हणाल्या, “वाढवलं कसलं गं, पाडून बांधलं. जुन्याला धरून वर चढवता येत नव्हतं म्हणाला इंजिनिअर. तुम्ही शिकायला येणारी मुलं हे ऐकलं की तोंड पाडता. पण अंगण बघ, ते तेवढंच आहे.”

माझा तीन महिन्यांचा गोंधळ त्या दोन वाक्यांत सुटला. ‘वाढवलं’ आणि ‘पाडून बांधलं’ या दोन वेगळ्या घटना आहेत. मी आणि माझ्यासारखे अनेक जण दोन्हीला ‘बदल’ या एकाच डब्यात टाकत होतो. एका घरावरून निष्कर्ष काढायचा नसतो हे खरं. पण प्रश्न नीट करायला एक घर पुरतं.

आता खरी समीक्षा

वाढत्या घराचा दावा नेमका काय होता? गरीब माणसाने आज दोन खोल्या बांधाव्या, पैसे आले की तिसरी, मग चौथी. आधी घातलेला पैसा वाया जाऊ नये. या दाव्याचा कणा हाच आहे. तो मान्य केला तर कसोटी आपोआप मिळते: वाढीनंतर मूळ भिंती शिल्लक आहेत का? शिल्लक असतील तर दावा टिकला. घर मुळापासून पाडलं असेल तर मूळ बांधकामाची किंमत त्या दिवशी शून्य झाली, आणि तिथे वाढत्या घराचा दावा टिकला नाही. मग नवं घर कितीही देखणं असो.

चिलीतल्या इकिके शहरातल्या किंता मोनरोय प्रकल्पाशी तुलना केली की हे अजून स्पष्ट होतं. २००४ मध्ये आलेहांद्रो आरावेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अर्धं घर बांधून दिलं आणि अर्धी जागा मुद्दाम रिकामी सोडली. ढाचा असा केला की लोकांनी ती रिकामी जागा भरायची. तिथे वाढ कुठे आणि किती होणार हे आधीच सांगितलेलं होतं. म्हणून प्रकल्प तपासता येतो: जागा भरली का, तेवढीच भरली का, ढाच्याने ते पेललं का? त्या प्रकल्पाबद्दलही टीका करण्यासारखं बरंच आहे, पण निदान तो परीक्षेला बसतो. बेलापूरला घर आडवं, भूखंडाच्या आत, वाढेल असा विचार दिसतो. जमिनीची किंमत वाढल्यावर लोकांना वर चढायचं असणार, हा विचार मूळ बांधणीत दिसत नाही. सामाईक भिंत नसल्यामुळे शेजाऱ्याची अडचण टळली, ते उत्तमच. पण वरच्या मजल्याचा भार घेणारा पाया दिला नाही तर वाढीचा एकच मार्ग उरतो: पाडा. स्वातंत्र्य दिलं, पण ते आडव्या दिशेचं दिलं. माझ्या मते कोरियांच्या या रचनेतली ही खरी उणीव आहे, आणि कौतुकाच्या लेखांत ती झाकली जाते.

दुसरा दावा समानतेचा. भूखंडात फरक कमी ठेवला हे कागदावर न्याय्य आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण भूखंड समान ठेवून खरेदीदार समान राहत नाही. आज तिथे कोण राहतं? मूळ कुटुंबं किती, नंतर विकत घेतलेली किती? इथे सर्वेक्षणाचा एक मोठा सापळा आहे. तुम्ही तिथल्या घरांची दारं वाजवली तर तुम्हाला फक्त राहिलेली माणसं भेटतील. जी विकून गेली ती तुमच्या नमुन्यात येणारच नाहीत. ती आनंदाने गेली, चांगली किंमत मिळाली म्हणून, की कर्जामुळे गेली, हे त्यांनाच विचारावं लागेल, आणि ती आता पनवेलला असतील नाहीतर साताऱ्याला. ‘रहिवासी समाधानी आहेत’ हे विधान म्हणूनच अपुरं असतं. असमाधानी माणूस बहुतेक वेळा रहिवासीच राहिलेला नसतो.

तिसरा दावा आकाशाचा. इथे मला माझं भौतिकशास्त्र कामाला लावता येतं.

आकाश मोजता येतं

आधी साधा हिशेब. ८ बाय ८ चा चौक म्हणजे ६४ चौरस मीटर, सात घरांत वाटला तर प्रत्येकी ९.१. १२ बाय १२ म्हणजे १४४, २१ घरांत ६.९. २० बाय २० म्हणजे ४००, ६३ घरांत ६.३. बेरीज साधारण २२ चौरस मीटर. म्हणजे सर्वात लहान ४५ मीटरच्या भूखंडवाल्यालाही स्वतःच्या जागेच्या जवळजवळ निम्मी जागा सामाईक, आकाशाखालची मिळते, आणि ती दाराशी. ही या रचनेची सर्वात मोठी कमाई आहे.

आता उंची वाढल्यावर काय होतं? बेलापूर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य ९० वजा १९ वजा २३.५, म्हणजे ४७.५ अंशांवर असतो. चौकाच्या दक्षिण कडेला साडेतीन मीटर उंचीचं बैठं घर असेल तर त्याची सावली ३.२ मीटर पडते. अर्ध्याहून जास्त चौकात ऊन राहतं. तेच घर तीन मजली, साडेनऊ मीटरचं झालं की सावली ८.७ मीटर. चौक ८ मीटरचा. म्हणजे हिवाळ्यात भर दुपारी चौकात उन्हाचा कवडसाही नाही.

वाईट झालं? थांबा. मे महिन्याच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा मध्यान्हीला तीन मजली घराचाही उपयोग नाही. पण सकाळी दहाला आणि संध्याकाळी चारला उंच घरांची सावली चौकात पडते, आणि मुंबईच्या उकाड्यात ती हवीच असते.

रात्रीचं गणित वेगळं. दिवसभर तापलेल्या भिंती आणि फरशी रात्री आपली उष्णता अवरक्त किरणांनी आकाशाकडे सोडतात. जमिनीवरून आकाशाचा किती वाटा ‘दिसतो’ यावर ते अवलंबून असतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून चौक गोल आणि चारी बाजूंनी बंद माना, त्रिज्या ४ मीटर. मग मधोमध हा वाटा त्रिज्येचा वर्ग भागिले त्रिज्येचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग इतका येतो. साडेतीन मीटर उंचीला सुमारे ५७ टक्के, साडेनऊ मीटरला सुमारे १५ टक्के. प्रत्यक्षात घरांमध्ये फटी आहेत, काही घरं मागे सरकून आहेत, त्यामुळे खरे आकडे याहून वर असणार. पण दिशा स्पष्ट आहे: उंची वाढली की चौकातलं आकाश झपाट्याने आटतं आणि रात्रीचा थंडावा कमी होतो.

म्हणजे ‘आकाशाखालची जागा’ हे नुसतं सुंदर वाक्य नाही. ती मोजता येणारी राशी आहे, आणि तिचं मूल्य चौकाच्या आकाराइतकंच भोवतालच्या उंचीवर ठरतं. कोरियांनी आकार पक्का केला, उंची लोकांवर सोपवली. प्रत्येक मालकाने एक मजला चढवला तर त्याचा फायदा त्याला एकट्याला आणि तोटा सातही घरांना. घर वाढवण्याचं स्वातंत्र्य आणि सर्वांचं आकाश, हे दोन दावे एकमेकांशी भांडतात. एकाच रचनेच्या दोन गुणांचं आपसात पटत नाही, हे मला एकाही कौतुकाच्या वाक्यातून कळलं नव्हतं. ते त्रिकोणमितीने सांगितलं.

मग निकाल काय?

माझं मत आता असं आहे. बेलापूर घर म्हणून फारसं टिकलं नाही, आखणी म्हणून टिकलं. कौलं गेली, भिंती गेल्या, पण गल्ल्या आणि चौक बऱ्याच प्रमाणात जागेवर आहेत. कुठे गाड्या लागल्या आहेत, कुठे कुंड्या आणि तुळशीवृंदावन. चाळीस वर्षांत इतका पैसा फिरला तरी ८ मीटरचा चौक कोणी गिळला नाही, हे विलक्षण आहे. सात घरांचा चौक सात घरांना ओळखीचा असतो. तिथे अतिक्रमण केलं तर सहा जण दारातून बघत असतात. निदान माझं गृहीतक तरी हेच आहे.

याला पर्यायी स्पष्टीकरणही आहे आणि ते मी लपवणार नाही. कदाचित चौक टिकले ते आकारामुळे नाही, भूखंडाच्या सरकारी नकाशामुळे. सिडकोने नुसते भूखंड पाडून दिले असते तरी मोकळ्या जागा टिकल्या असत्या. म्हणून तुलनेला दुसरी वसाहत हवी: त्याच काळातली, त्याच शहरातली, पण चौकाविना सरळ रांगांची. तुलनेशिवाय ‘कोरियांमुळे टिकलं’ म्हणणं म्हणजे औषध घेतलं आणि सर्दी आठ दिवसांत बरी झाली म्हणण्यासारखं आहे. औषध नसतं घेतलं तरी आठवड्यात बरी झालीच असती.

तुम्ही म्हणाल, एवढी चिरफाड कशाला? छान वसाहत आहे, छान म्हणावं. माझं उत्तर असं की कौतुकाचं कारण चुकलं तर अनुकरण चुकतं. बेलापूर ‘उतरत्या छपरांच्या गोजिरवाण्या घरांमुळे’ यशस्वी झालं असं मानलं तर पुढचा माणूस छपरं उचलेल. मी अशी गृहसंकुलं पाहिली आहेत: प्रवेशद्वारावर कौलं, आत वीस मजले, आणि मोकळी जागा म्हणजे पोडियमवरची हिरवी चटई. आज परवडणारं घर म्हटलं की टॉवर हाच एक पर्याय समोर ठेवला जातो. बैठ्या वसाहतीत हेक्टरी ५०० माणसं सन्मानाने राहू शकतात, हा बेलापूरचा धडा त्या चर्चेत ठामपणे मांडायचा असेल तर तो उलटतपासणीत टिकणारा हवा. भाबडं कौतुक पहिल्याच प्रश्नाला कोसळतं. माझं कोसळलं, ते निदान बंद खोलीत.

तुमच्यासाठी

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘यशस्वी’, ‘परिणामकारक’, ‘शाश्वत’ असा शब्द आला की स्वतःला हे चार प्रश्न विचारा.

१. काय दिसलं असतं तर मी उलटं लिहिलं असतं? उत्तर नसेल तर वाक्य खोडा.

२. मी दोन वेगळ्या घटना एका शब्दात कोंबते आहे का? माझ्या बाबतीत तो शब्द ‘बदल’ होता.

३. माझ्या नमुन्यात कोण नाही, आणि ते नसण्याचं कारण माझ्या प्रश्नाशीच जोडलेलं आहे का?

४. हे माझ्या उदाहरणामुळे झालं की तसंही झालंच असतं? तुलनेला काय आहे?

मी सिनॉप्सिस पुन्हा लिहिला. शीर्षकातला ‘यशस्वी’ काढला. आता प्रश्न असा आहे: भोवतालच्या घरांची उंची वाढल्यावर सामाईक चौकातला औष्णिक आराम कसा बदलतो, आणि त्या चौकाचा वापर टिकतो का? दिसायला लहान प्रश्न आहे. पण याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, आणि मला त्याची थोडी भीती वाटते. ती भीती वाटायला लागली म्हणजे आपण संशोधन करतोय असं समजायला हरकत नाही.

या वेळी मॅडमनी चष्मा वर केला नाही. फक्त म्हणाल्या, “मोजायला मे महिन्यात जाणार ना? पाण्याची बाटली ने.”

पुढच्या लेखात चौकात तापमान मोजताना थर्मामीटर उन्हात ठेवला तर तो नेमकं काय मोजतो, याबद्दल बोलू. तोपर्यंत आपापल्या सिनॉप्सिसवर तांबडं पेन चालवा.